जोड न घातलेली भूल

औटीबाईंशी मी आयुष्यात एकदाच जीव तोडून घासाघीस केली, आणि हरलो. एरवी मी हरत नाही. दवाखान्यांना इंजेक्शनं, पट्ट्या, हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू पुरवणं हा माझा धंदा. तिसगावातून दहावी नापास होऊन निघालो, नगरला एका औषधाच्या दुकानात खोकी वाहिली, आणि आज माझ्या दोन गाड्या जिल्हाभर फिरतात. हे सगळं तोंडाच्या जोरावर मिळवलं. समोरचा माणूस ‘नाही’ म्हणाला की तिथून माझं काम सुरू होतं. बाईंचं ‘नाही’ मात्र शेवटपर्यंत ‘नाही’च राहिलं. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, तरी माझा राग गेलेला नाही. तो कुणावर आहे, हे मात्र पूर्वीसारखं छातीठोकपणे सांगता येत नाही.

डॉ. वत्सला औटी नेवाशाला राहायच्या. त्या भूल द्यायच्या. त्यांचा स्वतःचा दवाखाना नव्हता. नेवासा, कोल्हार, तिसगाव, जिथं ऑपरेशन असेल तिथून फोन यायचा आणि बाई आपल्या जुन्या पांढऱ्या मारुतीतून निघायच्या. मागच्या सीटवर एक चामड्याची बॅग, तिच्यात औषधांच्या बाटल्यांचा स्टीलचा डबा. अंगानं काटक, उंच, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला. गाडीचा हॉर्न बिघडला होता तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. म्हणायच्या, “म्हशीला हॉर्न कळत नाही आणि माणसाला वाजवलेला आवडत नाही. मग कशाला?” ऑपरेशनच्या आधी चहा घ्यायच्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, “आधी सुई, मग बशी.”

त्यांचं नाव होतं ते हाताच्या भुलीसाठी. हाताचं ऑपरेशन असलं तर सगळा माणूस झोपवायची गरज नसते. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा जातो. तिथं बारीक सुईनं औषध सोडलं की खांद्यापासून बोटांपर्यंत हात तेवढा बधिर होतो. आता सोनोग्राफीच्या मशीनवर नस बघून सुई घालतात. बाई बोटांनी चाचपून घालायच्या. डोळे अर्धे मिटलेले, डाव्या हाताचं बोट खळगीत, आणि तोंडानं पेशंटला सांगत राहायच्या, “आता मुंग्या येतील. मग हात जड होईल. मग तो तुला विसरेल.”

नुसत्या भुलीच्या औषधाचा असर काही तासांत उतरतो. तो लांबवायचा असेल तर त्यात दुसरं एखादं औषध थोडंसं मिसळतात. बाई त्याला ‘जोड’ म्हणायच्या. एका जोडीनं बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा. दुसरी एक अशी होती, की माणूस गुंगीत शांत पडून राहायचा, पण नाडी मंदावायची. ती त्या म्हाताऱ्यांना देत नसत. कुणाला कोणती जोड आणि कुणाला मुळीच नाही, हे ठरवायची बाईंची एक पद्धत होती, आणि तिच्यावरून डॉक्टर लोक हसायचे. बाई पेशंटचं घर विचारायच्या.

नेवाशाला मी एकदा माल उतरवत असताना ऊसतोडीचा एक माणूस आला होता. भागवत त्याचं नाव, पाथर्डीकडचा. डाव्या हातात ऊस धरला होता आणि कोयता बोटांवर आला. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या शिवायच्या होत्या. बाई स्टुलावर बसल्या आणि सुरू झाल्या.

“घरी चूल का गॅस?”

“घर ऱ्हायलं तिकडं पाथर्डीला. हितं कोपी हाय बाई. चूलच.”

“शेजारी कोण झोपतं?”

“बायको, दोन लेकरं. सासू बी आलीय औंदा.”

“मुकादम काय म्हणतो?”

“त्यो म्हंतो, आजच ये फडात.”

“त्याला सांग, हात उद्या दुपारपर्यंत बाईंकडं आहे.”

ऑपरेशन करणारे डॉक्टर हात धुताधुता म्हणाले, “बाई, सोयरीक जमवताय का?”

“जमवतेय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही टाके घालून जाल. रात्रीचा संसार याच्या हाताला करायचाय.”

मग त्या बाहेर आल्या आणि नातेवाइकांना विचारलं, “तुमच्यात सगळ्यात भांडकुदळ कोण?”

सगळ्यांनी एकाच वेळी सासूकडं बघितलं.

“मी व्हय रं भांडकुदळ?” म्हातारी उसळली.

“या आजी, तुमच्याशीच काम आहे. जावयाचा हात उद्यापर्यंत मेलेला असेल. चटका बसला तर त्याला कळणार नाही, अंगाखाली आला तर कळणार नाही. तुम्हाला कळलं पाहिजे. हा हात तुमच्या राखणीत. चुलीजवळ जाऊ द्यायचा नाही. बोटं काळी-निळी दिसली, थंड लागली, तर कुणाचं न ऐकता इकडं घेऊन यायचं.”

आत भागवतला भूल चढली तशी तो घाबरला. “बाई, हात ठिवलाय ना? का काढला?”

बाईंनी त्याचा हात उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “हा कुणाचा?”

“आसंल कुणाचा तरी.”

“बघ नीट.”

त्यानं बराच वेळ बघितलं. “गोंदण तर माझं हाय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी त्याला घेऊन आली ती जिंकून आल्यासारखी. “चुलीम्होरं फिरकू दिलं न्हाई. मुकादम आल्ता त्याला बी फिरकू दिलं न्हाई.” बाईंनी तिला बॅगेतली राजगिऱ्याची वडी दिली. ती वडी मी वर्षानुवर्षं माल पोचवूनही मला कधी मिळाली नाही.

मला मिळायचा तो पाणउतारा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्यांच्या नेहमीच्या कंपनीची बाटली मिळाली नाही, म्हणून मी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. दोन दिवसांनी बाई स्वतः गाडी घेऊन नगरला माझ्या गोडाऊनवर आल्या. सहा बाटल्या टेबलावर मांडल्या.

“गर्जे, ही बाटली वाचली का?”

“बाई, औषध तेच आहे. कंपनी वेगळी.”

“ते नाही विचारलं. वाचली का?”

मी वाचली नव्हती. त्यांनी मला माझ्याच माणसांसमोर ती बाटली मोठ्यानं वाचायला लावली. बारीक इंग्रजी अक्षरं. मी अडखळत वाचत होतो आणि त्या थांबून राहिल्या होत्या. एका शब्दाशी आलो तेव्हा म्हणाल्या, “हां. हे औषध टिकावं म्हणून घातलेलं रसायन. शिरेतून द्यायला चालतं. मी नसेच्या शेजारी सोडते. नस म्हणजे गटार आहे का, काहीही सोडायला?”

“सगळे वापरतात, बाई.”

“मग सगळ्यांना द्या.”

त्या गेल्यावर मी माझ्या माणसांवर उगाच खेकसलो. पण त्या दिवसापासून त्यांच्या नावाचं खोकं वेगळं ठेवू लागलो, आणि बाटली न वाचता खोक्यात टाकली नाही.

आता माझ्या बायकोचं सांगतो.

मंगलचं माहेर कोल्हारजवळ. सणाला गेली होती. सकाळी भावाच्या गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये घास घालताना बांगडी अडकली आणि उजवा हात रुळांत ओढला गेला. भावानं बटण बंद केलं म्हणून पात्यापर्यंत पोचला नाही. पण कोपरापासून मनगटापर्यंत चेंगरला, दोन्ही हाडं मोडली. मी नगरहून निघालो आणि तासाभरात कोल्हारच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना मी वर्षानुवर्षं प्लेटा देत होतो. भुलीला औटीबाई आलेल्या होत्या. मला वाटलं, चला, आपलीच माणसं आहेत.

मंगल ओरडत नव्हती. दात आवळून पडली होती. माझ्या धंद्याच्या सुरुवातीला एका खोलीत बसून हिनं याच हातानं कापसाचे बोळे आणि पट्ट्यांच्या घड्या केल्या आहेत, डोळे दुखेपर्यंत. त्या हाताकडं मला बघवत नव्हतं.

“बाई, जोड घाला,” मी म्हणालो. “सगळ्यात लांब टिकणारी घाला.”

“आज जोड नाही.”

“का?”

“साधी भूल देते. तीन-चार तास पुरेल.”

“आन् मग?”

“मग उतरेल. दुखेल.”

चिडलो की माझी भाषा तिसगावची होते. “दुखंल म्हंजे? माझ्याच खोक्यातली बाटली हाय ती! जगाच्या बायकांना देता आन् माझ्या बायकूला न्हाई?”

“गर्जे, बाजूला व्हा.”

“बरं, निम्मी घाला.”

“नाही.”

“नंतर घाला, हाड बसल्यावर.”

“नाही.”

“कारण सांगा मला! काय कारण हाय?”

बाई दारात थांबल्या. सिस्टर होत्या, मेहुणा होता, बाकावर चार पेशंट होते. त्या म्हणाल्या, “आज हिला दुखलं पाहिजे.” आणि आत गेल्या.

मी दाराच्या काचेशी जाऊन उभा राहिलो. असलं वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. दुपारी एकच्या सुमाराला भूल उतरली आणि मंगल ओरडायला लागली. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा आणि मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. बाई तिच्या खाटेशी बसल्या होत्या. मी दारातून डोकावलो तेव्हा त्या तिची बोटं एकेक करून सरळ करत होत्या आणि ती आणखी ओरडत होती. मला दुसरं काही दिसलंच नाही. मी गाडी काढली आणि राहुरीला गेलो, दुसरा भुलीचा डॉक्टर आणायला. तो सापडेना, सापडला तर येईना. हात हलवत परत आलो तेव्हा पाच वाजले होते आणि खाट रिकामी होती. मंगलला पुन्हा आत नेलं होतं. हाताला आतून सूज येऊन रक्त अडत होतं. स्नायूंवरचं आवरण उभं चिरून मोकळं करावं लागलं.

हाडांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “वेळेत लक्षात आलं, गर्जे. हात वाचला.” कुणाच्या लक्षात आलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी त्यांचे पाय धरले. बाई हात पुसत माझ्या शेजारून गेल्या. त्यांच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं मी कोल्हारला गेलो आणि त्या डॉक्टरांना सांगितलं, “ही बाई इथं येणार असेल तर माझी गाडी तुमच्या दारात थांबणार नाही.” त्यांना तसाही नगरचा भुलीचा एक तरुण डॉक्टर मिळत होता, मशीनसकट. त्यांनी फार वेळ घेतला नाही. कोल्हारनं सोडलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही फोन कमी केले. लोक विचारायचे, बाईंचं काय झालं? मी म्हणायचो, जुनी माणसं, नवीन मशीन त्यांना जमत नाही. बाईंच्या नावाचं खोकं मी मोडून टाकलं. त्यांनी मला एक फोन केला नाही, कुणाकडं तक्रार केली नाही. मला वाटलं, चूक होती म्हणूनच गप्प आहेत.

अशी दोन वर्षं गेली. मंगलचा हात हळूहळू सुधारला. कोपरापासून मनगटापर्यंत लांब व्रण राहिला, पण ती भाकरी थापायला लागली. मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी मंगल म्हणाली, “पहिली गणपतीला. दुसरी बाईंना.”

“कुठल्या बाईंना?”

“औटीबाईंना. आनखी कुठल्या?”

“त्या बाईनं तुला तडफडत ठेवलं आन् तिला पत्रिका?”

मंगलनं पत्रिका खाली ठेवली. “अहो, पट्टी कापली तवा तुमी कुठं हुता?”

“कुणी कापली?”

“बाईंनी. तुमी राहुरीला गेल्तात. मी वरडत हुते तर दर थोड्या वेळानं माझी बोटं वढून बघायच्या. म्हनायच्या, सकाळसारखं दुखतंय का येगळं? मी म्हनले, येगळं. आतून फाटतंय. तशा उठल्या, कात्री घेतली आन् कातडीपर्यंत समदी पट्टी कापली. डॉक्टर बाहेर पेशंट तपासत हुते, त्यांना हात धरून आनलं. डॉक्टर म्हनत हुते, थांबू तासभर. बाई म्हनल्या, एक मिनिट न्हाई.”

“मग हे मला का नाही सांगितलंस?”

“तुमाला ठाव न्हाई आसं मला काय ठाव? बाईंनी सांगितलंच आसंल, आसं वाटलं.”

नेवाशाला आम्ही दोघं गेलो. बाईंचं घर प्रवरेच्या बाजूला, दोन खोल्यांचं. पांढरी मारुती दारात उभी होती आणि तिच्या टपावर चिंचेचा पाला साचला होता. बाईंनी पत्रिका वाचली, मुलगा काय करतो ते विचारलं, आणि मंगलला हाताची मूठ मिटायला लावली. “अजून. अजून. शाबास.” मग व्रणावरून बोट फिरवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “चहा घ्याल ना?”

मंगल म्हणाली, “बाई, कोल्हारला गेल्ते दाखवायला, तर तुमी न्हाई. आता येत न्हाई म्हनले. का वं?”

बाई गॅसकडं वळल्या. “वय झालं गं.”

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, “मी काढलं. मी सांगितलं त्यांना.”

मंगलनं पदर तोंडाला लावला आणि उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. चहा उकळून उतू जायला आला तेव्हा बाईंनी गॅस बंद केला.

“मला तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग दोन वाक्यं बोलायची होती की मला! चेंगरलेल्या हाताला सूज चढते, दुखणं हीच त्याची खूण, भुलीत ती खूण दडते. एवढंच ना? मी काय दगड आहे? दहावी नापास आहे म्हणून कळलं नसतं मला?”

“कळलं असतं.”

“मग?”

“नातेवाइकाला कारण सांगितलं की तो कारणाशी भांडत बसतो. निम्मी घाला, नंतर घाला. नुसतं नाही म्हटलं की माझ्याशी भांडतो. माझ्याशी भांडलेलं चालतं.”

त्यांनी कपांत चहा ओतला आणि उभ्यानंच सांगितलं, “तुमच्या तिसगावला, मी नवीन होते तेव्हा, रसवंतीच्या चरकात एकाचा हात गेला. चेंगरला होता. मला त्याची दया आली, मी जोड घातली. तो रात्रभर गाढ झोपला. मी पण झोपले. सकाळी बघितलं तर हात थंड होता.”

“कोण?”

त्यांनी नाव सांगितलं. मी त्या माणसाला लहानपणापासून ओळखतो. बाजारात भाजी विकतो, एका हातानं तराजू धरतो आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं वजनं सरकवतो.

“मी त्याच्याकडूनच भाजी घेते,” बाई म्हणाल्या. “दर बाजारी. तो मला जुडी जास्त देतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.”

परत आल्यावर घराच्या दारात उतरताना मंगल म्हणाली, “तुमी काढलं, तुमीच परत आना.”

मी कोल्हारला गेलो आणि जेवढ्या जोरानं बाईंना काढलं होतं त्याच्या दुप्पट जोरानं भांडलो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, “गर्जे, तुमचं नक्की काय आहे?” मी म्हणालो, “माझं चुकलं आणि तुमचंही. पुढच्या हाताला त्यांना बोलवा.” ते तयार झाले. बाईंना तयार करायला तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, “एकदा बघू.” मी जिंकलो असं मला वाटलं.

लग्न पार पडल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांना माझ्या गाडीतून कोल्हारला नेलं. इस्त्रीची साडी, ती बॅग मांडीवर. गोठ्यात घसरून मनगट मोडलेली एक म्हातारी होती. बाई स्टुलावर बसल्या आणि सुरू झाल्या. घरी कोण? शेजारी कोण झोपतं? म्हातारी म्हणाली, “सून हाय, पन ती माझ्याशी बोलत न्हाई.” बाई म्हणाल्या, “हाताशी बोलेल.” सिस्टर हसल्या. तो तरुण डॉक्टरही हसला. भला मुलगा आहे. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला आणि मशीन त्यांच्या बाजूला वळवलं.

मी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. दाराला काच आहे. बाईंनी औषध सिरिंजमध्ये ओढलं, जोड मोजून घातली. डावं बोट खळगीत ठेवलं. उजव्या हातात सुई घेतली आणि थांबल्या. सुईचं टोक हलत होतं. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं. तरी हलत होतं. त्यांनी हात खाली घेतला, श्वास सोडला, पुन्हा उचलला. म्हातारीच्या कातडीला सुई लागायच्या आत त्यांनी ती सिरिंज त्या मुलाच्या हातात दिली. मग दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि त्याला सांगत उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते ते मला काचेतून दिसत होतं. त्यानं नीट भूल दिली. म्हातारीचा हात बधिर होऊन पडला.

बाई बाहेर आल्या, चपला घातल्या. “मशीन चांगलं आहे,” म्हणाल्या. “सगळं दिसतं.”

“बाई, दोन वर्षं हात बसून राहिला म्हणून...”

“नाही. आधीपासूनच होतं. कोल्हार सुटायच्या आधीपासून. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.”

मी ते मान्य करत नाही. थरथरता हात घेऊन बाई कुणाच्या गळ्याजवळ गेल्या नसत्या. मंगलला सुई घालताना मी याच काचेतून बघितलं होतं, तो हात खिळ्यासारखा होता. मी मागितलं तेव्हा बाईंनी मला कारण दिलं नाही. न मागता एकदाच दिलं, आणि ते खोटं होतं. माझा राग आहे तो यावर. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

“चला, नेवाशाला सोडतो,” मी म्हणालो.

“नको. तुम्ही वाटभर बोलत राहाल. थांब्यावर सोडा.”

मी त्यांना एसटीच्या थांब्यावर सोडलं आणि गाडी पलीकडं लावून बसून राहिलो. मारुती त्यांनी नंतर विकली असं ऐकलं. त्या थंडीतच त्या गेल्या, झोपेत. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर आहे तो कोल्हारचा थांबाच.

एसटी आली. बाई चढल्या, त्यांना खिडकीची जागा मिळाली. बॅग मांडीवर ठेवली आणि उजव्या हातानं समोरच्या सीटची दांडी धरली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तशी ती जुनी एसटी सगळीच थडथडायला लागली, खिडक्या, दांडी, त्यांचा हात. मी बघत होतो. त्यातली कुठली थरथर त्यांची होती, ते मला पलीकडून ओळखता आलं नाही.